पहिले दोन अल्बम

लातूरच्या एमआयडीसीत हालकुड्यांची डाळमिल आहे. तिथे रुद्रेश हालकुडे नावाचा त्रेचाळीस वर्षांचा गृहस्थ सकाळी नऊपासून तुरीचे दाणे दाताखाली फोडून ओलावा ठरवत, हमालांशी हुज्जत घालत आणि व्यापाऱ्यांचे फोन घेत बसलेला असतो. पोट थोडं सुटलेलं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. या माणसाने कधीकाळी इलेक्ट्रिक गिटार वाजवली असेल असं कुणी पैज लावून सांगितलं तरी पटायचं नाही. पण वाजवली आहे. नुसती वाजवली नाही, ‘बारदाना’ नावाचा रॉक बँड काढला, त्याच्या चाली बांधल्या, आणि मराठी रॉक ऐकणारी जी काही पोरंटोरं आज महाराष्ट्रात आहेत, त्यांच्यात या माणसाला मोठा मान आहे.

मान कशामुळे आहे तेही सांगायला हवं, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. बारदान्याचे आजवर पाच अल्बम आले. पहिल्या दोनांत रुद्रेश आहे, पुढच्या तिनांत नाही. आणि ऐकणाऱ्यांचं ठाम मत असं, की पहिले दोनच खरे. पुढचे तीन म्हणजे पुण्याला जाऊन शहाणी झालेली पोरं. हे मत रुद्रेशने पसरवलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याने ते फक्त कधी खोडलं नाही. एखादा चाहता शोधत शोधत मिलमध्ये यायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, सर, तुमच्यानंतर त्या बँडमध्ये राम राहिला नाही. रुद्रेश मान खाली घालून म्हणायचा, "न्हाई हो, तसं काही न्हाई." पण म्हणायचा अशा सुरात, की समोरच्याची उलट खात्रीच पटावी. नम्रतेचा हा प्रकार आपल्याकडे बऱ्याच जणांना येतो, रुद्रेशला तर तो गिटारीपेक्षाही चांगला जमत होता.

मग पुढचे तीन कसे वाटले, असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं होतं. ऐकलेत, ठीक आहेत. खरी गोष्ट अशी होती, की त्याने त्यातलं एक गाणंही ऐकलेलं नव्हतं. एखाद्या हॉटेलात लागलंच तर हा अर्धा चहा टाकून उठायचा. घरात शिवानीने, म्हणजे त्याच्या मुलीने, एकदा मोबाईलवर लावलं तर तिला अभ्यासावरून बोलणी बसली. असं एक-दोन नाही, नऊ-दहा वर्षं चाललं होतं.

याला कुणी हट्ट म्हणेल, पण हट्टाच्या खाली साधी भीती होती. बँड सोडताना तो एक वाक्य बोलून बसला होता: माझ्याशिवाय एक अल्बम काढून दाखवा. ते पुढचे अल्बम वाईट असले, तर हा माणूस लातुरात राहिला हे शहाणपणाचं ठरत होतं. चांगले निघाले, तर तो नुसताच मागे राहिलेला माणूस ठरत होता. न ऐकण्यात दोन्हीचा निकाल लांबणीवर पडत होता, आणि रुद्रेशला तेच सोयीचं होतं.

बँड निघाला तो मिलमध्येच. रुद्रेश आणि लुंबिनी सोनकांबळे एका वर्गात होते. ती लिहायची आणि गायची, हा गिटार वाजवायचा, आणि अहमदपूरचा शिवशंकर ड्रम बडवायचा. सरावाला जागा नव्हती. हालकुड्यांच्या मिलला दर अमावास्येला सुट्टी, त्यामुळे यांचा सराव महिन्यातून एकदा, पण दिवसभर. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून रिकाम्या पोत्यांच्या थप्प्या भिंतीला लावायच्या. त्या बारदान्यावरून बँडचं नाव पडलं.

पहिला अल्बम ‘आवक’ दोन हजार आठच्या येळवशीला रेकॉर्ड झाला. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. त्या दिवशी अख्खं लातूर शेतात असतं. भज्जी, उंडे आणि ताकाची आंबील या शेतातल्या जेवणापुढे त्या दिवशी इथे दुसरं काही सुचत नाही. दुकानं बंद, आजूबाजूच्या मिला बंद, रस्त्यावर ट्रक नाही. वर्षातला तेवढाच एक दिवस एमआयडीसी गप्प असते हे लुंबिनीच्या लक्षात आलं. मंडपवाल्याकडून आणलेले दोन माईक आणि एक जुना कॉम्प्युटर एवढ्यावर नऊ गाणी झाली. रुद्रेशचे वडील धोंडप्पा, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, ते शेतातून आंबिलीची बिंदगी, म्हणजे छोटी घागर, घेऊन आले आणि शेवटची तीन गाणी पोत्यांवर बसून ऐकून गेले. दुसरा अल्बम ‘मापाडी’ दोन वर्षांनी असाच एका अमावास्येला झाला. दोन्ही अल्बम पोरांनी पेन ड्राइव्हमधून गावोगाव नेले. औरंगाबादला, पुण्याला नाव झालं.

मग लुंबिनीने पुण्यात एका स्टुडिओची तारीख मिळवली. एक महिना जाऊन राहायचं होतं, जानेवारीत. रुद्रेश म्हणाला, तुरीचा सीझन होऊ द्या. डाळमिलवाल्याच्या घरात जन्मलेल्या माणसाची ही जन्माची खोड. लग्न असो, ऑपरेशन असो, सगळं सीझननंतर, आणि जगानेही तसंच थांबावं अशी त्याची मनापासून समजूत असते. ती दोघं थांबली. पुढच्या वर्षी लुंबिनीने पुन्हा तारीख मिळवली, पुन्हा जानेवारीत. रुद्रेशने पुन्हा तेच उत्तर दिलं. त्या अमावास्येला ती एक नवं गाणं घेऊन मिलमध्ये आली होती. नळाच्या रांगेत भांडं लावून बसलेल्या बाईचं गाणं. चाल म्हणावी तर दोनच सूर, तेच आलटून पालटून. लुंबिनीच्या गल्लीत तेव्हा दहा दिवसांनी पाणी यायचं. रुद्रेशच्या मिलमध्ये बोअर होतं.

"ही चाल न्हाई, ही तक्रार हाय," तो म्हणाला होता. "नळाच्या रांगेवर कोण गाणं ऐकतंय?"

त्यावरून जुंपली, आणि जुंपता जुंपता माझ्याशिवाय अल्बम काढून दाखवा हे वाक्यही त्याच्या तोंडून गेलं. लुंबिनी आणि शिवशंकर महिन्याभरात पुण्याला गेले. तिथे त्यांना दुसरा गिटारवाला मिळाला. गावात सगळ्यांनी धरलं की बापाने पोराला मिलला बांधून ठेवलं, आणि रुद्रेशने हेही कधी खोडलं नाही. अप्पा मात्र तेव्हा स्पष्ट म्हणाले होते, जा, एक महिना मिल मी बघतो. पुढे चार वर्षांनी ते गेले, आणि हे ऐकलेलं दुसरं कुणी उरलं नाही.

आता यात नांदेडची पुनम नावाची एक बाई येते, तिचं सांगतो. ही मूळची देगलूरची, नांदेडला फार्मसी कॉलेजात शिकवते. गाण्याचं वेड असलेल्या तीस-चाळीस जणांना जमवून ती महिन्यातल्या एका रविवारी एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये एकेका बँडवर बैठक घेते. या वेळी बारदाना घ्यायचं ठरलं. विषय होता, जुना बारदाना की नवा? नव्याच्या बाजूने आदर्श नावाचा तिचा एक विद्यार्थी बोलणार होता. जुन्याच्या बाजूने बोलायला खुद्द जुन्यातला माणूस मिळाला तर किती बरं, म्हणून तिने रुद्रेशला फोन केला. रुद्रेश आधी न्हाई हो, न्हाई हो म्हणाला. मग हो म्हणाला. खरं तर खूष झाला.

बैठकीच्या आदल्या दिवशी मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. समोरचं पोरगं पुढच्या तीन अल्बमांतली गाणी नावानिशी काढणार. अमुक गाण्यातला अमुक भाग कसा वाटला असं कुणी विचारलं तर ठीक हाय म्हणून किती वेळ निभणार? ऐकावं लागणार हे त्याला कळून चुकलं. संध्याकाळी त्याने शिवानीला बोलावून, जरा आवाज खाली घेऊन सांगितलं, ते पुढचे तीन अल्बम मोबाईलमध्ये घालून दे. शिवानीने उत्तर द्यायच्या आत स्वयंपाकघरातून त्याची बायको अंबिका बोलली.

"माझ्या मोबाईलमध्ये हायेत तिन्ही. तोच न्या."

रुद्रेश बघतच राहिला. कधीपासून ऐकतेस, असं त्याने विचारलं. ती पोळी उलटत म्हणाली, आले तेव्हापासून.

"तुम्ही ऐकत न्हाई म्हणून आम्ही पण ऐकू नये का? घरात भांडण नको म्हणून सांगितलं न्हाई, एवढंच."

रविवारी सकाळी सात वाजता तो गाडी घेऊन एकटाच निघाला. लातूर मागे पडेपर्यंत त्याने मोबाईलला हात लावला नाही. पेट्रोल भरलं, हवा बघितली, काच पुसली, जिच्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं. चाकूरच्या अलीकडे शेवटी ‘कोरड’ लावला. तिसरा अल्बम. दोन हजार सोळाच्या दुष्काळात पाण्याची रेल्वे लातूरला आली, त्या साली निघालेला.

पहिली दोन गाणी तो परीक्षक होऊन ऐकत होता. ड्रम पुढे आलाय, गिटार बरी आहे, पण हात माझ्याइतका मोकळा नाही. मनातल्या मनात मार्क देणं चाललं होतं आणि बरं वाटत होतं. तिसरं गाणं सुरू झालं आणि त्याला ते ओळखू आलं. तेच दोन सूर. सुरुवातीला लुंबिनी एकटी, मागे काही नाही. मग नुसता ड्रम, तोही भांड्यावर बोट वाजवावं इतपत. गिटार येते ती पार शेवटच्या कडव्यात, आणि येऊन तेच दोन सूर धरून राहते, पुढे जातच नाही. रांग सरकत नाही तशी. रुद्रेशने तेव्हा हे गाणं बांधलं असतं तर तिसऱ्या ओळीला वर नेलं असतं, मधे सोलो घातला असता, आणि गाणं मेलं असतं. हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागलं नाही. तीस वर्षं कान तयार केलेला माणूस होता, कानाने सांगितलं.

त्याने गाडी बाजूला घेतली आणि ते गाणं परत लावलं. वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे आवडलं. तिसऱ्यांदा ऐकताना डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला स्वतःचाच राग आला. मागून ऊस भरलेला ट्रॅक्टर हॉर्न वाजवत गेला.

अहमदपूर यायच्या आत ‘कोरड’ संपला. पुढे लोह्यापर्यंत चौथा अल्बम, ‘भाड्याची खोली’. त्यातलं अर्धं त्याला आवडलं, अर्धं उगाच ताणलेलं वाटलं, आणि तसं वाटल्यावर त्याला जरा हायसं वाटलं हेही खोटं नाही. पण चौथ्यातली चांगली गाणी ‘मापाडी’तल्या कुठल्याही गाण्यापेक्षा पक्की होती. पाचवा ऐकायला वेळ उरला नाही, नांदेड आलं.

हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. पुढच्या रांगेत बँकेत नोकरी करणारा एक पस्तीशीचा माणूस ‘आवक’चं चित्र छापलेला टी-शर्ट घालून बसला होता. टी-शर्ट त्याने स्वतः छापून घेतला होता, पोटावर ताणला होता. पुनमने ओळख करून दिली, ज्यांच्या हातून खरा बारदाना घडला ते रुद्रेशसर. टाळ्या पडल्या. मग तिने ‘आवक’मधलं पहिलं गाणं लावलं आणि सगळा हॉल सोबत म्हणायला लागला. तीस-चाळीस माणसं, एकही शब्द न चुकता. असलं सुख कुणाला नको असतं? उठावं, ठरवलेलं बोलावं, जेवावं आणि घरी जावं. कुणालाही काही कळणार नव्हतं.

तो उठला आणि म्हणाला की पुढचे अल्बम जास्त चांगले आहेत.

हॉल हसला. टी-शर्टवाला शेजाऱ्याला म्हणाला, बघितलंस, माणूस किती मोठ्या मनाचा आहे. पुनमनेही हसत सांगितलं की सर नेहमीच असे नम्र. आदर्श बिचारा चार पानं टिपणं घेऊन वादाला तयार बसला होता, तो गोंधळला. रुद्रेशने पुन्हा सांगितलं, तिसरा अल्बम पहिल्या दोन्हींपेक्षा फार पुढचा आहे. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, मनाच्या मोठेपणासाठी. इतकी वर्षं तो जे खोटं नम्रपणाने म्हणत आला होता, तेच आज खरं म्हणून सांगत होता आणि एकही माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हता. आपलंच पेरलेलं उगवलं म्हणून तक्रार तरी कुणाकडे करणार?

मग त्याने ठरवलं की पूर्णच सांगायचं. माईक तोंडाजवळ घेतला.

"मी नम्र बिम्र न्हाई," तो म्हणाला. "मी आज सकाळी पहिल्यांदा ऐकले. चाकूरच्या अलीकडं. नऊ-दहा वर्षं मी लोकांना ऐकलेत, ठीक हायेत म्हणून सांगत आलो, ते खोटं होतं."

आता कुणी हसलं नाही. तो बोलत गेला. ‘आवक’मध्ये जो कच्चा, रांगडा आवाज म्हणून सगळ्यांना आवडतो, तिथे माझी तिसरी तार उतरलेली आहे, दुपारी आंबील जास्त झाली होती आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. त्या गाण्यांत जोर आहे, कारण आपल्याला कोण ऐकणार असं वाटून आम्ही बेफिकीर वाजवत होतो. तो जोर पुन्हा येत नाही, ते कबूल. पण ऐकणारा माणूस समोर आहे हे कळल्यावर त्याला काय सांगायचं, ते पुढच्या अल्बमांत आहे, आणि ते लुंबिनीने केलं. मग शेवटचं सांगितलं. वडिलांनी मला अडवलं असं सगळे म्हणतात, अप्पांनी अडवलं नव्हतं, ते जा म्हणाले होते. पुण्यात माझ्यापेक्षा चांगले गिटारवाले असतील याची मला भीती वाटली, म्हणून मी सीझन पुढे केला.

टी-शर्टवाला उठून उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता. म्हणाला, सर, मी अठरा वर्षांचा असल्यापासून ‘आवक’ ऐकतो, आता मी काय समजू? रुद्रेश म्हणाला, आवडतो तर ऐका की, मलाही आवडतो. पण त्या माणसाचं समाधान झालं नाही. तो खाली बसला आणि पुढे वाद झाला तेव्हा आदर्शवर जरा जास्तच ओरडला. आदर्शने टिपणांतलं दीड पान कसंबसं वाचलं, कारण त्याचं सगळं सर आधीच बोलून गेले होते.

जेवण झाल्यावर पुनम म्हणाली, बैठकीचं रेकॉर्डिंग लुंबिनीताईंना पाठवायचं आहे, पाठवू ना? रुद्रेश म्हणाला, थोडं थांबा, आधी मी फोन करतो. नंबर त्याच्याकडे बँड सोडला तेव्हाचा, तेरा वर्षांपूर्वीचा होता. नवा पुनमने दिला. बाहेर येऊन, गाडीत बसून, काचा वर करून त्याने लावला.

मी रुद्रेश, लातूरहून, असं त्याने सांगितलं.

"लातूर कशाला सांगतोस," लुंबिनी म्हणाली, "मला दुसरे किती रुद्रेश माहीत हायेत?"

त्याने सगळं सांगितलं, एका दमात, जसं हॉलमध्ये सांगितलं तसं. नळाच्या गाण्याचंही सांगितलं. मग ती जे बोलली ते त्याला अपेक्षित नव्हतं.

"मागं एका मुलाखतीत तू तिसरा ‘ठीक हाय’ म्हणलास ते मी वाचलं होतं. मी आणि शिवशंकरनं रात्रभर डोकं धरलं. रुद्र्याला तिसरा ठीकच वाटला म्हणजे कुठंतरी कमी पडलोय, म्हणून चौथा दोनदा मोडून परत केला. ऐकून म्हणला असतास तर काही वाटलं नसतं. तू न ऐकताच म्हणलास?"

चुकलो, एवढंच तो म्हणाला. ती म्हणाली, हाव, चुकलास. मग तिने विचारलं, पाचवा ऐकलास का? तो म्हणाला, राहिलाय.

"जाताना ऐक अन् फोन कर. इथं सगळे तोंडावर लई भारी म्हणून राहिलेत आणि ऐकत कुणीच न्हाई. काय बिघडलंय ते कुणी सांगंना झालंय."

परतीच्या रस्त्यावर रुद्रेशने ‘नंतर’ लावला. पाचवा अल्बम, मागच्याच वर्षीचा. आणि त्याच्या लक्षात आलं, की बारदान्याचा अल्बम चांगला निघावा असं आपल्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटतंय. अगदी देवाजवळ मागावं तसं वाटत होतं. पहिलं गाणं चांगलं निघालं. त्याने स्टिअरिंगवर ताल धरला. दुसरं बरं होतं. तिसऱ्यापासून मात्र कान कुरकुरायला लागला. त्याने कानाला दटावलं, नीट ऐक म्हणाला, लोहा मागे टाकल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावलं. फरक पडला नाही. अल्बम जमला नव्हता.

आता खरी पंचाईत होती. छान आहे म्हणून सांगितलं तर तिच्या भोवतीच्या माणसांत आणखी एकाची भर. नाही जमला म्हटलं तर तिला वाटायचं, बघा, जेवणानंतर माफी मागितली आणि घरी पोचायच्या आत पोटातलं जुनं विष वर आलं. ज्या माणसाने इतकी वर्षं न ऐकता ठीक म्हटलं, त्याने आता ऐकून वाईट म्हटलं तर का मानावं? रस्ताभर त्याने चार-पाच वाक्यं जुळवली. सगळी गुळगुळीत होती. एकही तिच्यासमोर टिकलं नसतं.

अहमदपूरला बसस्टँडच्या पुढे एका टायरच्या दुकानासमोर त्याने गाडी थांबवली. दुपारचे चार वाजले होते. फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"न्हाई जमला," रुद्रेश म्हणाला.

दुकानातला माणूस ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होता, रुद्रेश त्याच्याकडे बघत राहिला. आता ती फोन ठेवणार असं त्याने धरून चाललं. ठेवला तर परत लावायचा की नाही, हेही तो ठरवायला लागला होता.

"कुठं?" तिने विचारलं.

"तिसऱ्या गाण्यापासून. सगळं भरून ठेवलंय, जागाच सोडली न्हाई. तुझा आवाज हुडकावा लागतो. आणि पाचव्या गाण्यात गिटार जे करायली ना, ते मी केलं असतं. म्हणजे चूक हाय."

लुंबिनी हसली. अगदी थोडं, पण हसली.

"थांब," ती म्हणाली, "वही घेऊन येते."

रुद्रेशने इंजिन बंद केलं आणि फोन कानाला लावून ती येईपर्यंत बसून राहिला.